जिना माझ्या वाटणीचा

मी, खाली सही करणारी, कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या जोडघराच्या डाव्या अर्ध्याची मालकीण, धंदा शिवणकाम, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, असे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितले आहे. स्वभावाबद्दल मी त्यांना विचारले नाही. वकिलांनी आधी एक मसुदा करून आणला होता. तो वाचून यातली बाई नक्की कोण, असा मलाच प्रश्न पडला, म्हणून तो बाजूला ठेवून स्वतः लिहायला बसले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एखादे सापडलेच तर ते रागाच्या भरात केलेले समजून रद्द धरावे.

एक. घराविषयी.

हे घर सासऱ्यांनी बांधले. त्यांच्यामागे आमच्या ह्यांनी आणि धाकट्या दिरांनी मधोमध भिंत घालून ते वाटून घेतले. खाली दोन खोल्या आणि वर दोन, असे दोन्हीकडे सारखे आले. जिना मात्र एकच होता आणि तो भिंतीच्या माझ्या बाजूला आला. त्याची मालकी कागदोपत्री माझी, वापर दोन्ही घरांचा, आणि तो वापर भावाभावांच्या शब्दावर चालत आला. आता दोघेही भाऊ हयात नाहीत. भिंतीच्या अलीकडे मी एकटी आणि पलीकडे माझी धाकटी जाऊ एकटी. तिला मूलबाळ नाही. वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचे चालते, आणि त्या खोल्यांत जायला माझ्या जिन्याशिवाय दुसरी वाट नाही.

आता हे घर आणि हा जिना कोणाला द्यायचा हे समजण्यासाठी आमच्या गावाची रीत सांगायला हवी. गाव कॉलेजचे. निम्मी वस्ती विद्यार्थ्यांची, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी. उरलेली बहुतेक आमच्यासारखी, म्हणजे मोठ्या घरात एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. मधल्या वयाची माणसे शोधावी लागतात, कारण शिकून झाले की जो तो बाहेर पडतो. माझ्या वरच्या खोलीत राहणारी मुलगी कॉलेजात लोकसंख्येचाच अभ्यास करते. गावातल्या घराघरांत जाऊन कोण कुठे राहते हे ती विचारत फिरली, म्हणून मी तिला मोजणी म्हणते. गावाची आकृती काढली तर ती मधोमध सुतळी आवळलेल्या पोत्यासारखी दिसेल, असे तिने मला सांगितले. मी म्हटले, हे मला शिवणयंत्रावर बसूनच दिसत होते. गावात मापे दोनच, पोरांची आणि म्हाताऱ्यांची.

तर रीत अशी. आमच्याकडे खोली कोणाला द्यायची हे घरमालक ठरवत नाही. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी जाताना आपली खोली मागच्या वर्षातल्या कोणाला तरी देऊन जातो, गादी, टेबल आणि भिंतीतल्या खिळ्यांसकट. घरमालकाला फक्त नवा चेहरा दाखवतात. चांगल्या घरातली खोली अशी हातोहात पुढे जाते. ज्या घराला ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावावी लागते, त्या घरात काहीतरी खोट आहे असे सगळे धरून चालतात.

मला दरवर्षी पाटी लावावी लागली. माझ्या जावेला एकदाही नाही.

तरी तिच्याकडची ती परंपरा मुळात माझी होती. घराची वाटणी झाली त्या वर्षी माझ्या पहिल्या भाडेकरूने, एका शांत मुलाने, आपली खोली रीतसर एका नव्या मुलाला दिली. तो ट्रंक घेऊन आला तेव्हा मी प्रयोगशाळेचे कोट पोचवायला कॉलेजात गेले होते आणि दाराला कुलूप होते. धाकटीने त्याला बसवले, पाणी दिले, चहा दिला. मी परत आले तोवर ट्रंक तिच्या वरच्या खोलीत गेली होती, तीही माझ्या जिन्यावरून. त्या मुलाने पुढे ती खोली दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. असे करत तिच्याकडे केवढा गोतावळा झाला. त्या दिवसापासून मी तिच्याशी पाण्याची टाकी आणि विजेचे बिल सोडून दुसऱ्या विषयावर बोलले नाही.

तिला सगळे माई म्हणतात. मला घरमालकीणबाई म्हणतात आणि पाठीमागे मीटर, कारण मी दर आठवड्याला विजेचा मीटर वाचते. मीटर वाचायचा नाही तर लावायचा कशाला? माझ्या खोल्यांना खिडक्या मोठ्या, नळाला पाणी जास्त, भाडे तिच्याइतकेच. तरी माझ्याकडे पोरे राहायची आणि तिच्याकडे रमायची. ती झोपायला खाली, पण एरवी वर पोरांतच असायची. संध्याकाळी तिच्याकडे जाणारी पावले माझ्या डोक्यावरून जायची आणि वर हशा पिकला की माझी शिवण वाकडी जायची. मी जळले, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. चाळीस वर्षे जळले, आणि अजूनही विझलेली नाही.

दोन. माझा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात असतो.

त्याला माझी बँकेतली सर्व शिल्लक, माझे दागिने आणि त्याच्या वडिलांचे घड्याळ द्यावे. घड्याळ मागे पडते, पण ह्यांनाही कधी घाई नव्हती. मुलाला घर देत नाही. त्याचे कारण त्याला फोनवर सांगितले आहे, इथे पुन्हा सांगते.

कॉलेजने मोठे वसतिगृह बांधल्यापासून गल्लीतल्या खोल्या रिकाम्या पडू लागल्या आहेत. पलीकडच्या वरच्या दोन्ही खोल्यांतही यंदा एकच मुलगी उरली. अशात मुलाने एक बिल्डर गाठला. त्याला पूर्ण घर पाडून कॉलेजच्या नव्या शिक्षकांसाठी छोटे फ्लॅट बांधायचे आहेत, पण जाऊ विकायला तयार नाही. बिल्डरने मुलाला सांगितले की आधी आईचा अर्धा भाग आणि जिना घेऊ, जिना पाडू, वरच्या खोल्या बंद पडल्या की म्हातारी आपणहून विकेल. मुलाने हे मला एखादी सोय सांगावी तसे सांगितले. तो वाईट नाही. लहानपणी शाळेतून आला की दप्तर माझ्याकडे टाकून तो जिना चढून तिच्याकडे जायचा आणि दिवे लागल्यावर खाली यायचा. तिथे काय आहे असे मी विचारले तर म्हणायचा, तिथे बोलायला माणसं असतात. त्याचा राग मी आजपर्यंत मनात ठेवला. पण ज्या जिन्यावरून तो तिच्याकडे धावत गेला तोच पाडायचे त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी फोन ठेवून दिला. तिच्यावर जळायचा हक्क माझा आहे. तिला घराबाहेर काढायचा कोणालाच नाही.

तीन. शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या, टेप आणि बटणांचे डबे मोजणीला द्यावेत.

तिला शिवता येत नाही, पण धागा तुटला की ती आधी सुईकडे बघते आणि मग यंत्राला दोष देते. एवढी समज पुरेशी आहे. मोठी कात्री कागदाला लावल्यास माझा शाप आहे.

चार. वरच्या खोलीत दोन वर्षे राहिलेल्या केमिस्ट्रीवाल्यास मी माफ केलेले नाही.

नोकरी लागल्यावर तो बायकोला गाव दाखवायला घेऊन आला. माझ्या जिन्याने वर गेला, जावेकडे तासभर बसला, आणि उतरून माझ्या दारासमोरून निघून गेला. दार उघडे होते आणि मी समोरच बसले होते. माझ्यामागे त्याने या घरात येऊन ‘मी इथे राहायचो’ असे कोणालाही सांगू नये. त्याचा कोट मी फुकट दुरुस्त केला होता.

पाच. आता मुख्य गोष्ट.

मोजणी घरोघर फिरली तेव्हा प्रत्येक भाडेकरूला एक प्रश्न असा विचारत होती, की ही खोली तुम्हाला कशी मिळाली. जुन्या भाडेकरूंनाही तिने फोन करून विचारले. सगळे झाल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मी म्हटले, “बोल, काय मोजलंस?”

ती म्हणाली, “काकू, तुमच्याकडे राहिलेले बहुतेक सगळे माईंनी पाठवलेले होते. त्यांच्याकडे जागा नसली की त्या तुमच्याकडे पाठवायच्या. नंतर नंतर तर त्यांच्याकडे जागा असतानाही पाठवायच्या. पाटी वाचून आलो असं सांग, म्हणायच्या. मलाही त्यांनी तसंच सांगितलं.”

दरवर्षी मी ती पाटी नव्याने रंगवत असे. गल्लीत कोणाचे अक्षर इतके सुरेख नव्हते. माझ्याकडे कोणी कोणाच्या शिफारशीने येत नसले तरी जे येतात ते माझी पाटी वाचून येतात, माझ्या बळावर येतात, एवढ्यावर मी चाळीस वर्षे मान ताठ ठेवून होते. त्यातले माझे काहीच नव्हते. माझी माणसेसुद्धा तिचीच निघाली.

हे कळल्यावर माझे मन निवळले असेल असे मोजणीला वाटले. तिला जाऊ नाही, म्हणून तसे वाटले. मला पूर्वीपेक्षा दुप्पट राग आला. आधी निदान ती घेणारी होती आणि मी लुबाडलेली. आता ती देणारी ठरली, तेही गुपचूप, म्हणजे तोंडावर आभार मानायची किंवा नको म्हणायची संधीसुद्धा तिने मला दिली नाही.

म्हणून पुष्कळ विचार करून असे ठरवते. माझा घराचा डावा अर्धा भाग, खालच्या-वरच्या खोल्या, पाण्याच्या टाकीतला हिस्सा आणि जिना, हे सर्व माझ्यामागे माझ्या धाकट्या जावेच्या मालकीचे होईल. तिने ते हयात असेपर्यंत विकू नये. वरच्या खोलीत मोजणी तिचे शिक्षण संपेपर्यंत राहील आणि जाताना ती खोली कोणाला द्यायची हे मोजणी ठरवेल. मीटर दर आठवड्याला वाचावा.

सहा. हे लिहून झाल्यावर सहीच्या वेळी जे घडले तेही इथेच नोंदवते.

साक्षीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दुसरे साक्षीदार, कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल, यायला उशीर करत होते. वकिलांनी मी लिहिलेले अजून वाचले नव्हते. तेही विद्यार्थी असताना पलीकडेच राहिलेले, त्यामुळे अडले की पाय आपोआप जिन्याकडे वळतात. ते वर गेले आणि साक्षीसाठी जावेला घेऊन आले. ती माझ्या घरात किती वर्षांनी आली ते दोघींनाही आठवेना. ती दाराशीच खुर्चीच्या कडेवर बसली. वकिलांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि पाचव्या कलमाच्या शेवटी थांबले.

म्हणाले, “माई, तुम्हाला सही करता येणार नाही. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही. सही केलीत तर तुम्हाला दिलेलं रद्द होईल.”

ती उठली आणि टेबलावरचे पेन उचलून म्हणाली, “मग कागद दे इकडे, करते सही. ताई, मला नको हे. मुलाचं आहे ते.”

मी तिचे मनगट धरले. पेन खाली ठेव म्हणाले. ती ठेवेना. सगळ्यांसमोर मी तिला विचारले की इतकी वर्षे माझ्याकडे पोरे का पाठवलीस, माझी कीव आली म्हणून का.

“कीव कसली ताई,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुमच्या दाराला कुलूप होतं. पोरगं दमून आलं होतं, म्हणून वर घेतलं. संध्याकाळी त्याला तुमच्याकडे आणून सोडायला आले, तर तुम्ही तोंडावर दार लावलंत. तुमचा एक माझ्याकडे राहिला, तो परत करत होते.”

“एकाच्या बदल्यात एवढे?”

“एक परत केला की वाटायचं, हा काही तो नव्हे.”

मी तिचे मनगट सोडले नाही. तिला सांगितले की तू आयुष्यभर देत आलीस आणि मी काही माहीत नसताना घेत आले. आज या एका कागदावर मी देते आहे. नको म्हणशील तर मरेपर्यंत तुझ्याशी टाकीबद्दलसुद्धा बोलणार नाही.

वकील खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी हातात घेतली. जावेने पेन टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “घेते.”

तो शब्द तिच्या तोंडून निघता निघत नव्हता, हे मी जवळून पाहिले. मला फार बरे वाटले.

येणेप्रमाणे सर्व माझ्या हाताने लिहिले, सर्वांसमक्ष वाचले, आणि समजून सही केली.

सही: डाव्या अर्ध्याची मालकीण

साक्षीदार पहिल्या: कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. नाडी जलद, बुद्धी ठीक.

साक्षीदार दुसरे: कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. उशिरा आले, पण सगळे पुन्हा वाचून घेतल्याशिवाय त्यांनी सही केली नाही.

ठिकाण: राहत्या घरी, खालच्या पुढच्या खोलीत.

दिनांक: कॉलेजला मोठी सुट्टी लागली त्या आठवड्यातला सोमवार, दुपार.