कळशीतला फेस आणि कागदी पाकीट

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात माझ्या कारखान्यात तोंडून 'अण्णा' अशीच हाक निघाली. दोन्ही हात गरम पाण्यात होते आणि दुसरा शब्दच सुचला नाही.

कोथरूडला तेव्हा शेतं होती. आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही कपडे धुवायची पावडर करायचात. एका सकाळी शेजारच्या शेतातल्या मावशी कळशी घेऊन दारात उभ्या राहिल्या. भांडायला नाही, घाबरून. "दादा, हिरीच्या पान्याला फेस येतुया. म्हशी तोंड लावीनात. काय झालं आसंल?" तुम्ही कळशी हलवलीत आणि काठापर्यंत पांढरा फेस चढला. शेडमागच्या खड्ड्यात सोडलेलं भांडी धुतल्याचं पाणी जमीन गिळून टाकते, असं तुम्ही धरून चालला होतात. तेव्हाचं ते रसायन सहजी कुजायचंच नाही, जंतूंनाही पचायचं नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. शेड त्याच दिवशी बंद झाली. मी चिडून म्हणाले, "सगळेच करतात, मग आपणच का थांबायचं?" तुम्ही म्हणालात, "सगळ्यांना विचारायला मावशी आल्या नव्हत्या." तो सगळा उन्हाळा तुम्ही सायकलवरून त्यांच्याकडे पाणी पोचवलंत.

मी रसायनशास्त्र शिकले ते त्या कळशीमुळे. साखर आणि खोबरेल तेलापासून केलेली माझी पावडर नाल्यात गेली की जंतू खाऊन टाकतात, हे मी स्वतः तपासलंय. पाकीटही कागदाचं, वर ठळक अक्षरांत 'प्लास्टिकमुक्त'. गेल्या आठवड्यात शनिवार पेठेतले एक आजोबा तसलं रिकामं पाकीट घेऊन आले. त्यांनी ते रोपं लावायला कुंडीत पुरलं होतं. कागद कुजला होता, आत पारदर्शक पिशवी शाबूत होती. "आपल्या पाकिटाला कातडी असते, हे छापायचं राहिलं वाटतं," ते म्हणाले. मी कोरं पाकीट गरम पाण्यात चोळलं. लगदा सुटला आणि बोटांना ती पातळ कातडी लागली. तेव्हाच मी हाक मारली. पाकिटवाल्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तेवढं प्लास्टिकचं कोटिंग सगळेच देतात. नाहीतर पावडर ओल धरते." सगळेच.

माझी भागीदार म्हणाली, "जाऊ दे, आतलं कोणाला दिसतंय?" मी ऐकलं नाही. दुकानांतून माल परत मागवला, आजोबांकडे जाऊन माफी मागितली आणि दारावर चूक कबूल करणारा कागद लावला.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तर खरं लिहिते. 'कोणाला दिसतंय' असं ती नाही म्हणाली, मी म्हणाले. माल परत मागवू, असं ती म्हणाली. मला हो म्हणायला दोन दिवस लागले.