ओट्याच्या अर्जावरच्या सह्या

७ जानेवारी, मंगळवार

ओट्यावर लाल रंगाची फुली! सकाळी दूध आणायला गेले तर दिसली. बाजूला बोर्ड — ‘परिसर सुशोभीकरण व सेल्फी पॉइंट’. म्हणजे गावठाणातला जुना दगडी ओटा तोडणार आणि तिथे ‘आय लव्ह कोपरी’ची अक्षरं उभी करणार. आत निळे दिवे लागणार म्हणे. डोंबलाचे दिवे!

आवडाबाई नेहमीसारख्या ओट्यावरच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पोरांनी रंग सांडला काय गो?" बोर्ड वाचून दाखवायचा धीर झाला नाही. घरी येऊन चहा टाकला तो उतू गेला.

९ जानेवारी, गुरुवार

शेवटी सांगितलं. आवडाबाईंनी फुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग पोरींना शिकवू कुठं?"

तोच तर प्रश्न आहे. आवडाबाई धवलारीण. इथल्या जुन्या घरांत लग्न लागायचं ते भटजींच्या आधी धवलारणीच्या गाण्यांनी. हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं, नवरी निघतानाचं वेगळं. सगळं तोंडपाठ, एक ओळ कुठे लिहिलेली नाही. वय ऐंशीच्या घरात. शिकणाऱ्या मुली तीन, त्यातली एक त्यांची नात जागृती. रोज पाचला ओट्यावर शाळा भरते.

"घरी शिकवा की," म्हटलं. तर काळुरामने, म्हणजे त्यांच्या मुलाने, जुनं घर पाडून बिल्डिंग बांधलीय. ह्या चौथ्या मजल्यावर. "वर कोन येतं? वाचमन नाव विचारतो, वहीत लिव म्हनतो. बाया खालूनच परत जातात."

आणि खरं सांगायचं तर माझाही स्वार्थ आहे. सव्वीस वर्षं मी ह्या गल्लीतून जातेय. देवरुखची मी, बिल्डिंगमधली, ह्यांच्या गावातली नव्हे. रिटायर झाल्यावर एकदा गुडघा धरून उभी राहिले, तेव्हा आवडाबाई सरकल्या नि म्हणाल्या, "बस." कोपरीत मला कोणी बसायला सांगितलं ते पहिल्यांदा. तो ओटा मी तोडू देणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

अर्ज लिहिला! तहसील ऑफिसात बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले — कसा नसावा हे मला पाठ आहे. विषय एका ओळीत. रडगाणं नाही. मागण्या पाच: ओटा तोडू नये, वर शेड घालावी, एक दिवा, एक नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह.

आनंद म्हणाले, "लग्नात नव्हतं एवढं तेज आलंय तुझ्या तोंडावर." नवरा म्हणून ऐकून घेतलं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सह्यांची मोहीम. तिळगूळ घ्या, सही द्या! कोणालाही नाही म्हणता येईना, तोंड चिकटलेलं.

काळुरामने माणसं जमवली. मी ओट्यावर उभी राहून बजावलं — नाव नीट लिहा. पप्या, बंटी, भाऊ असलं काही चालणार नाही. सरकारी कागदावर असतं तसंच लिहा, घरपट्टीच्या पावतीवर बघून. एकाने मान डोलावली, दुसऱ्याने डोलावली, दोघं-तिघं तर खरंच घरी जाऊन पावती घेऊन आले. किती शहाणी माणसं!

संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा. मी धन्य.

२० जानेवारी, सोमवार

अर्ज दिला. महापालिकेचा आवक शिक्का मिळाला. खिडकीतल्या मुलीने सगळी नावं घरपट्टीच्या यादीशी ताडून पाहिली. म्हणाली, "मॅडम, एक पण चूक नाही! असं कधीच होत नाही."

होणारच नाही चूक. कोणाचा अर्ज आहे!

३१ जानेवारी, शुक्रवार

काय लिहू. हसू की रडू.

दुपारी काळुराम धापा टाकत आला, हातात पाकीट. "ताई, आजोबांना सुनावणीला बोलावलंय!"

"मग जाऊ दे ना त्यांना. रिक्षाने न्या."

"आजोबा अडुसष्ट साली गेले हो!"

पाकिटावर नाव — श्री. हिरू पदाजी. सोमवारी अकरा वाजता ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.

हळूहळू उलगडलं. ह्यांची घरं, जमिनी, घरपट्ट्या सगळं अजून आजोबा-पणजोबांच्याच नावावर. नाव बदलायला गेलं की भावाभावांत वाद, म्हणून कोणी जातच नाही. वर्षानुवर्षं पावती हिरू पदाजींची, भरणारा काळुराम. आणि मी काय सांगितलं? पावतीवर बघून लिहा! त्यांनी इमानदारीत लिहिलं. खाली सहीसुद्धा तशीच केली.

मला कळलं कसं नाही? कारण काळुराम सोडला तर मला ह्यातल्या एकाचंही खरं नाव माहीत नाही. पप्या म्हणजे पप्या. सव्वीस वर्षं!

आनंद जमिनीवर बसून हसले. "जिवंत माणसांना तर तू कामाला लावतेसच..." मी पुढचं ऐकलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी. साहेब तरुण आहे, चांगला बोलतो, त्यामुळे जास्तच लाज वाटली. "मॅडम, दोनशे अकरापैकी सत्तावन्न व्यक्ती हयात नाहीत. एक गृहस्थ अडुसष्ट साली वारलेत. सही मात्र जेल पेनची आहे."

मी स्पष्ट सांगितलं, चूक माझी, ह्या लोकांची नाही. कसं सांगून ठेवलं होतं तेही सांगितलं. साहेब खाली बघून हसत होता, मी पाहिलं.

मग म्हणाला, हे असं राहिलं तर अर्ज निकाली काढावा लागेल आणि काम सुरू होईल. पंधरा दिवस देतो. ह्या सत्तावन्न नावांच्या जागी त्यांच्या वारसांच्या सह्या आणा. सगळ्या वारसांच्या.

बाहेर आल्यावर काळुराम खूश. "मग काय, आम्ही भाऊ-भाऊ सह्या करतो. उद्याच!"

मी म्हटलं, "आणि बहिणी?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

भांडण. 

काळुराम सकाळी आला, सोबत आणखी दोघं. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं. "ताई, वारस काढू नका हो. बहिणींना सहीला बोलावलं की उद्या हिस्सा मागतील. घराघरांत आग लागेल. आपल्याला ओटा पाहिजे, महाभारत नको."

"वारस म्हणजे मुलगे आणि मुली. बत्तीस वर्षं हेच लिहीत आले."

"साहेबाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!"

"मग गावाच्या सगळ्या सह्या काढून घ्या," म्हणाला आणि गेला. दोघंही गेले. माझा अर्ज म्हणजे आता माझी एकटीची सही आणि आनंदची. आनंदची मी घेतली होती म्हणून.

मी चुकले का? पाच वाजता ओट्याकडे गेलेच नाही. आवडाबाईंना काय तोंड दाखवू! माझा ताठा, आणि त्यांची शाळा जाणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

जागृती आली. चोवीस वर्षांची पोर, कानात इअरफोन, डोकं भलतंच ठिकाणावर. म्हणाली, "काकी, आजीने काल पप्पांना झापला. म्हणाली, ‘तुझ्या बयनी माझ्या पोटच्या न्हाय काय? मी बसते त्या ओट्यावर त्यांनी सही केली तर तुझा काय जाते?’ पप्पा डायरेक्ट गच्चीवर!"

आणि हिने रात्रीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. नाव — ‘आत्या लोक, ओट्यावर या’. सगळ्या घरांतल्या लग्न होऊन गेलेल्या मुली. शहाड, टिटवाळा, दिवा, कुठून कुठून. सकाळपर्यंत एकशे चार जणी!

मी तिला रव्याचा लाडू दिला. दोन दिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस!

पहिली आली वासंती, काळुरामची थोरली बहीण, शहाडहून. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. काळुराम नाक्यावरच उभा, धड पुढे येईना, धड मागे जाईना. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "घाबरलास काय रे? सहीच करायला आलीय, तुझी बिल्डिंग उचलून न्यायला नाय आले."

बाराच्या आत गल्ली भरली. मी टेबल टाकून बसले होते. ह्या वेळी कोणालाही काही बजावलं नाही, एकेकीला समोर बसवून विचारून घेतलं. प्रत्येकीचा तोच प्रश्न — "नाव आताचं की माहेरचं?" दोन्ही लिहा म्हटलं. आधी माहेरचं. वडिलांचं नाव आलंच पाहिजे.

दिव्याच्या एक बाई, साठीच्या असतील, माहेरचं नाव लिहायला लागल्या आणि थांबल्या. चाळीस वर्षांत लिहिलं नाही म्हणाल्या. मग सावकाश, एकेक अक्षर. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघत राहिल्या. मागे रांग खोळंबली, पण कोणी घाई केली नाही. मी उगाच स्टॅम्प पॅडची उघडझाप केली.

सत्तावन्न मेलेल्यांच्या जागी भाऊ-बहिणी मिळून तीनशे एकोणचाळीस जिवंत सह्या!

आणि सह्या झाल्या तरी एकही हलेना. ओट्यावर, पायरीवर, चटया टाकून रस्त्यावर. आवडाबाईंनी सहज एक ओळ धरली — जागृतीला शिकवत होत्या तीच. तर मागून पुढची ओळ आली. पंधरा-वीस जणींची! ह्या सगळ्यांना येतं! लहानपणी ह्याच ओट्यावर ऐकलेलं. सासरी कोणी विचारलं नाही, म्हणून आत पडून राहिलेलं. आवडाबाईंचं गाणं तिथेच थांबलं. तोंडावर पदर धरून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. "माना वाटलं मी एकटीच उरलेय," म्हणाल्या.

तीनच मुली उरल्यात म्हणून मी अर्जात गळा काढला होता — हो, एक ओळ रडगाणं घातलंच होतं. ती ओळ खोडायला हवी आता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेब स्थळ पाहणीला आला. बरोबर टेप घेतलेला माणूस. निम्म्या आत्या कालपासून माहेरी राहिल्यात त्या सगळ्या ओट्यावर. टेप लावायला जागा नाही! वासंती म्हणाली, "मोजा की, आमी कुठं नाय बोल्लो?" आणि तसूभर सरकली नाही.

साहेबाला बसवलं, चहा दिला, सुकट-भाकरी दिली. तो म्हणे सोमवार करतो. केळं खाल्लं. जाताना जागृतीला विचारलं, "हे लग्नात गातात?" ती म्हणाली, "सर, तुमच्या लग्नात गाऊ का?" लाजला बिचारा. टेपवाला मात्र दोन भाकऱ्या खाऊन गेला.

६ मार्च, गुरुवार

मिळालं!!

पत्र आलं. ओटा कायम. शेड मंजूर, दिवा मंजूर, नळ मंजूर. सेल्फी पॉइंट दुसरीकडे हलवला. स्वच्छतागृह ‘विचाराधीन’ — हा शब्द मी स्वतः शेकड्याने टाईप केलाय, त्याचा अर्थ मला चांगला कळतो. त्यासाठी पुढचा अर्ज.

पत्र ओट्यावर मोठ्याने वाचलं. टाळ्या. आवडाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आनंद मागे उभे होते, त्यांनीही गाल पुढे करून मोडून घेतली, आगाऊपणा.

काळुरामने गावभर पेढे वाटले. सगळ्यात मोठा आनंद त्याचाच. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, उगाच भांडलो तुमच्याशी. एका बहिणीने हिस्स्याचा शब्द काढला नाही बघा! आपल्यात असलं होतच नाही."

मी पेढा खाल्ला. भांडण संपलं ह्यातच मी खूश होते.

११ मार्च, मंगळवार

सकाळी दार वाजलं. आवडाबाई! आमच्या घरी पहिल्यांदाच. मागे काळुराम, रिक्षावाल्याला सुटे देतोय, चेहरा उतरलेला. बाईंनी हातातला कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

"टिटवाल्याला माझा भाव हाय, दगडू. बापाचे मागं सगली जमीन त्याचेच नावावर. वारसात माझं नाव घालायचा अर्ज लिव."

"आई, मामा काय म्हणेल?" काळुराम.

मी विचारलं, "आवडाबाई, हिस्सा मागायचाय?"

"आदी नाव लाव. मंग बघू."