टेबल नंबर तीनचं गाणं

सोम. ७ जाने. १९७४

वेल्फेअरच्या दीक्षित साहेबांनी टाइम ऑफिसमधून बोलावून घेतलं. मूळ कंपनी परदेशात, तिचे कारखाने बऱ्याच देशांत. यंदा त्या सगळ्यांची गाण्याची स्पर्धा आहे. प्रत्येक देशाचं एकच गाणं, टेपवर, तीन मिनिटांच्या आत. हिंदुस्थानात आपला चिंचवडचा एकच कारखाना, म्हणजे आपण पाठवू ते हिंदुस्थानचं गाणं. हे वाक्य साहेब दोनदा म्हणाले.

तीन गाणी आली आहेत. ड्रॉइंग ऑफिसचं हिंदी समूहगीत, अकॉर्डियनसह. फौंड्रीचं भजन. आणि वाइंडिंगमधल्या टेबल नं. ३ च्या बायकांचं.

परीक्षक पाच, निरनिराळ्या खात्यांतले. आपल्या खात्याच्या गाण्याला गुण द्यायचे नाहीत, हा तिकडचा नियम. टाइम ऑफिसचं गाणं नाही, म्हणून मला घेतलं. "तुम्ही तटस्थ, मिस गायकवाड." मी मान हलवली. हलवायला नको होती.

मंगळ. ८

कारण: टे. ३ वर मी दोन वर्षं पंख्याच्या मोटारींना तार गुंडाळली आहे. रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्यावर टाइम ऑफिसात आले.

त्या टेबलाची रीत अशी की नव्या बाईचा हात बसला की तिनं गाण्याला एक ओवी जोडायची. मागच्या बाईचा शेवटचा शब्द उचलून. पहिली शेवंतामावशींची, त्या टेबलावर सगळ्यांत जुन्या. माझी पाचवी:

वारा गुंडाळते बाई मी तारेच्या वेढ्यात,
वारा जाई परमुलखा, घाम माझ्या गळ्यात.

माझ्यानंतर आलेल्या शकूनं 'गळ्यात' उचलून काळ्या मण्यांवर केली. आता नऊ झाल्यात.

म्हणजे मी तटस्थ नाही. सांगितलं तर काढतील आणि माझ्या जागी ड्रॉइंगवाल्यांचा कुणी येईल. न सांगितलं तर

बुध. ९

जेवणाच्या सुट्टीत शेवंतामावशींना गाठलं. म्हटलं, माझी ओवी गाळा, म्हणजे मला मोकळ्या मनानं गुण देता येतील.

डब्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "मधला वेढा काढून मोटार फिरंल का गं, सुमे?"

"नाही."

"मग गप जेव."

ठेचा चांगला होता. माझा प्रश्न तसाच.

गुरु. १०

आठवड्याची सुट्टी, कारखाना शांत, म्हणून टेप आजच केली. कँटीनमध्ये. भजन एका दमात झालं. ड्रॉइंगवाल्यांचंही, अकॉर्डियनचा पट्टा तुटला तेवढंच.

टे. ३ चं होईना. लय धरता येईना. ह्या बायका मशीनच्या ठोक्यावर गातात, गप्प जागेत कधी गायल्याच नाहीत. एकजण पुढे, दुसरी मागे. मावशी म्हणाल्या, "साहेब, एक मशीन चालू करा की." "अहो बाई, आज विजेची लाइनच बंद असते." टेपरेकॉर्डर बॅटरीवरचा.

शेवटी मावशींनी रिकामी रिळं घेतली आणि टेबलावर आपटायला लागल्या. मग जमलं. सातव्या ओवीला शकूला हसू आलं, तेही टेपवर गेलं. साहेब म्हणाले, पुन्हा घेऊ. मावशी: "ऱ्हाऊ द्या. आमी हसतोच."

शुक्र. ११

गुण द्यायची बैठक. सुरुवातीलाच उभी राहिले आणि सांगून टाकलं: पाचवी ओवी माझी आहे, माझे गुण धरू नयेत. दी. साहेबांनी चष्मा काढला. "तुमची? कविता करता तुम्ही?" म्हटलं, नाही, तिथे सगळ्याच करतात. ते त्यांनी ऐकलं नाही असं वाटलं.

माझ्या जागी कुणाला घेतलं नाही, बाकी चौघांचेच गुण धरले. ड्रॉइंगच्या परीक्षकानं भजनाला आठ दिले, बायकांना चार. फौंड्रीचे जगताप इथल्या गावठाणातले, आवाज मोठा. "माझ्याच भजनाला मार्क द्याचं न्हाई व्हय? मंग बायांना धा. त्या पेटीच्या भावाला कोन देतंय!" अकॉर्डियनला उद्देशून.

दी. साहेब म्हणाले, पण हिंदुस्थानचं गाणं मराठीत कसं?

जगताप: "आमी काय हिंदुस्थानाबाहेर ऱ्हातो व्हय, साहेब?"

बेरीज केली. टे. ३ पहिलं, भजन दुसरं. पुन्हा करून पाहिली. तेच.

घरी येताना हलकं वाटलं. माझ्या गुणांवाचून झालं.

सोम. १४, संक्रांत

गेटजवळच्या फळ्यावर नोटीस: "हिंदुस्थानचे गीत. रचना : कु. सुमन गायकवाड. गायन : टेबल नं. ३ च्या भगिनी."

मीच बोलले होते. एक ओवी माझी म्हटलं, त्यांना एक नाव मिळालं.

दुपारी वाइंडिंगमध्ये गेले. सगळ्या एकमेकींना तीळगूळ देत होत्या. शकूनं माझ्याही हातावर ठेवला. "घ्या, मॅडम." टेबलावर होते तोवर आम्ही एका डब्यात जेवलो. मावशी रीळ लावत होत्या, वर पाहिलं नाही. गाणं चालू नव्हतं. मशीन चालू होती.

मंगळ. १५

दी. साहेबांकडे गेले. नोटीस चूक आहे, गाणं नऊ जणींचं आहे.

"मिस गायकवाड, तिकडच्या फॉर्मवर कवीच्या नावाला एक ओळ आहे. नऊ नावं म्हणजे काय गीत झालं? हजेरीपट झाला."

"मग टेबल नंबर तीन लिहा."

"टेबल सही करील का?"

साहेब वाईट नाहीत. शुक्रवारी टपाल जायचं, एका नावानं आणि एका सहीनं. सही नसेल तर भजन पाठवतील, त्याला संताचं नाव आहे.

म्हणजे मी सही केली तर गाणं जातं आणि टेबल मला परकं. नाही केली तर गाणंच जात नाही.

बुध. १६

घरी वडिलांना, अण्णांना विचारलं. शाळेत घालण्याआधी त्यांनीच मला पाटीवर अक्षरं आणि पेटीवर सूर शिकवले. तरुणपणी जलसा पार्टीत गायचे. घडलं ते आधी लिही, वाटलं ते नंतर, ही रोजनिशीची शिस्तही त्यांचीच.

म्हणाले, "आमची पार्टी कशानं फुटली, ठाऊक आहे? शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं, त्यानं." आई आतून म्हणाली, "आणि ते गाणं आता कुणालाच येत नाही." अण्णा म्हणाले, मला येतं. म्हणून दाखवलं नाही.

गुरु. १७

सुट्टी. बसनं चाकणला. तिसरी ओवी द्वारकाची. दुसऱ्या बाळंतपणानंतर कंपनीनं तिला परत घेतलं नाही, आता बाजारात कांदा निवडते. नऊही नावं लिहायची तर तिलाही विचारायला हवं होतं.

ढिगाशेजारी बसली होती, डोळ्यांतून पाणी. कांद्याचं. "अजून गाताय व्हय ते? माझी कोणती, म्हण बरं." म्हटली. "हे मी केलं?" शेजारणीला ढोसून, "ऐक गं, हे मी केलंय." पुन्हा म्हणायला लावलं.

मग, "नाव माहेरचं घाल. नवऱ्याचं कशाला? तो कुठं गुंडाळत होता तार."

शुक्र. १८

फॉर्मवरच्या एका ओळीत नऊ नावं बसवली. बारीक अक्षर, टोकदार निब. ओवीच्या क्रमानं, माझं पाचवं. सही एकच मागतात, ती मावशींनी केली, मोठी, चौकटीबाहेर गेलेली. दी. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. दूर धरला. "परत आलं तर माझी जबाबदारी नाही," म्हणाले आणि पाकिटात घातलं.

फळ्यावरची नोटीस मी स्वतः काढून टाकली. परवानगी घेतली नव्हती.

संध्याकाळी गेटवर शकू: "सुमे, थांब की, बरोबर जाऊ."

शनि. २ मार्च

तिकडून तार. दी. साहेबांनी वाचून दाखवली. गाणं आवडलं आहे, शेवटच्या फेरीत घेण्याचा विचार. पण मंचावर एकच नाव पुकारतात. नऊपैकी खरी कवयित्री कोण, ते ताबडतोब कळवावं. न कळवल्यास दुसऱ्या देशाचा विचार करतील.

साहेब या खेपेला हजेरीपट म्हणाले नाहीत. "इथवर आलंय हो," एवढंच म्हणाले. "मावशींचं नाव देऊ या? वयानं मोठ्या आहेत."

मला ते बरोबर वाटलं. मग वाटलं नाही.

रवि. ३

पहिल्या पाळीत टेबलावर गेले. मशीनच्या आवाजात ओरडून तार सांगितली. मावशी, तुमचं नाव देऊ म्हणतात. सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. शकूनंही.

मावशींचा हात थांबला नाही. रीळ संपलं, नवं लावलं, टोक अडकवलं. मग म्हणाल्या, "त्यांना लिही, नाव पुकारू नका. गानं वाजवा."

"मावशी, मग कदाचित घेणारच नाहीत."

"न्हाई तर न्हाई. आमी हितं वाजवतोच." मग हळू, "पर त्यांनी ऐकावं असं वाटतंय गं."

तार उद्या सकाळी जायची, मजकूर मी करायचा. इंग्रजीत मांडून पाहिला. उद्धट वाटतो. आधी 'कृपया' घातलं, मग 'आमची विनंती'. त्यानं ते मावशींचं राहिना. दोन्ही खोडलं.

तसाच ठेवला आहे.