तीन फटक्यांपैकी दोन

मी, फिलोमेन अगाथा हिपोलाइट, वय सत्त्याहत्तर, अविवाहित, निवृत्त न्यायालयीन लिपिक, राहणार आन्स मोरो, ग्रेनाडा, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीची दोन मी कोळशाच्या शेगडीत घातली आहेत. अशा कागदाच्या आरंभी प्रत्येक जण आपली अक्कलहुशारी शाबूत असल्याचे लिहितो आणि वाचणाऱ्याने ते निमूट मान्य करावे अशी अपेक्षा ठेवतो. माझ्या बाबतीत कुणी काही मान्य करण्याची गरज नाही. माझ्याकडे निकालपत्र आहे. यंदाच्या सप्टेंबरात दंडाधिकाऱ्यांनी मला मारहाणीबद्दल दोषी ठरवले. त्या निकालाची शिक्क्याची प्रत या कागदाला टाचली आहे. ती कुणी काढू नये.

कलम १. आन्स मोरो येथील माझे लाकडी घर, त्यावरचे पत्र्याचे छप्पर, अंगणातला स्वयंपाकाचा ओटा, जायफळाची चार झाडे आणि रस्त्यापर्यंतची जमीन मी इडोना फ्रँक हिला देत आहे. इडोना माझ्या घरात तेहतीस वर्षे राहते. ती माझी मोलकरीण आहे असे गाव म्हणते, मैत्रीण आहे असे ती म्हणते, आणि मी काय म्हणते ते कलम ४ मध्ये लिहिले आहे.

माझा भाचा लेस्टन हिपोलाइट याचा या घरावर हक्क नाही. त्याचे वडील, म्हणजे माझे भाऊ, यांनी आपला वाटा मला विकून न्यूयॉर्कचे तिकीट काढले. खरेदीखत कपाटात, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली आहे. लेस्टन प्रार्थनेच्या पुस्तकाला हात लावत नाही, म्हणून ते तिथे ठेवले.

कलम २. आता गुन्ह्याविषयी, कारण त्याशिवाय कलम १ टिकणार नाही.

ऑगस्टात कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे गावातले पुरुष अंगाला जुने काळे तेल फासून, डोक्यावर शिंगांचा टोप घालून, साखळ्या ओढत रस्त्याने नाचतात. त्यांना आम्ही जॅब म्हणतो. रस्त्यावर उभे राहिलात की तेल लागणार, आणि त्याबद्दल कुणी पोलिसांत जात नाही. कायदा याला संमती म्हणतो. मात्र जॅब फाटकाच्या आत येत नाही. हे इथल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे.

त्या पहाटे मी अंगणात मक्याच्या पिठाचा कूकू घोटत होते. इडोना फाटकापाशी, पण आत, उभी होती. एक जॅब सरळ आत आला आणि त्याने तिची मान धरली.

"अजून इथेच का तू? म्हातारी गेली की घर माझं आहे. आत्तापासून बोचकं बांधायला लाग!"

तेलाखाली तोंड ओळखू येत नाही, पण लेस्टनचा आवाज मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ऐकते. माझ्या हातात कूकूचा लाकडी चाटू होता. पहिला फटका मी त्याच्या मनगटावर मारला. त्याने मान सोडली. तो वळून पळाला तेव्हा फाटकात दुसरा मारला, पाठीवर. तिसरा रस्त्यावर, डोक्यावर. शिंगांचा टोप गटारात पडला आणि त्याच्या डोक्याला तीन टाके पडले. त्यात कूकूही वाया गेला.

कलम ३. ज्यांना न्यायालयात उभे राहायची वेळ येईल त्यांच्यासाठी हे कलम मी फुकट देत आहे. सदतीस वर्षे मी दंडाधिकाऱ्यांच्या खालच्या टेबलाशी बसून जबान्या लिहिल्या. तेवढ्या काळात एक सरकार उलटले, पण लोकांनी एकमेकांना मारणे एक दिवसही थांबवले नाही.

मार लागलाच पाहिजे असे नाही. समोरच्याला आता बसणार असे वाटेल इतका हात उगारला, तरी तो हल्ला होतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्यासाठी मारलेत तर बचाव आहे, पण धोका असेपर्यंतच, आणि धोक्याच्या मापाने. पळणाऱ्याच्या पाठीवर मारलेल्या फटक्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही; त्याला मजा म्हणतात. राग आला होता, हा बचाव नव्हे. त्याने फार तर शिक्षा हलकी होते. "मी दारू प्यालो होतो" हे तर मी इतक्या वेळा लिहिले की शेवटी शेवटी नुसती फुली मारावीशी वाटे. आणि सगळ्यात सोयीचा बचाव म्हणजे, आरोपीला कळतच नव्हते.

हा शेवटचा बचाव लेस्टनने माझ्यासाठी आणला. डोक्याला पट्टी बांधून, हातात संत्री घेऊन आला.

"टँटी, तुला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही गं. तू माझी आत्या आहेस."

"आहे खरी. माझा इलाज नाही."

"हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही काही. वय झालं. माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ते एक कागद देतील. वकील म्हणतो, तो कागद दाखवला की केस खलास. तू फक्त सही कर."

"आणि मग?"

"मग काय? आराम कर. बँक, घराची कागदपत्रं, ही सगळी दगदग मी बघतो."

"इडोनाचं काय?"

"तिलापण आराम देऊ," तो म्हणाला.

संत्री चांगली होती. आम्ही दोघींनी खाल्ली.

या भल्या माणसाचा डाव मला समजायला वेळ लागला नाही. ज्या बाईला मारताना कळत नव्हते, तिला लिहिताना कसे कळेल? त्या कागदाने माझी शिक्षा टळली असती, आणि त्याच कागदाने हे मृत्युपत्र रद्द झाले असते. माझ्यापुढे दोन वाटा होत्या: निर्दोष वेडी, किंवा दोषी शहाणी. सिस्टरांच्या शाळेत मला बारा वर्षे छड्या मारून खोटे न बोलायला शिकवले होते. त्या छड्यांचा उपयोग सत्त्याहत्तराव्या वर्षी झाला.

कलम ४. हे कलम वाचून दाखवताना इडोनाला बसायला खुर्ची द्यावी.

इडोना, १९८९ साली तुझ्या घरातल्या माणसाने तुझा गळा दाबला आणि तू त्याला कपड्याच्या इस्त्रीने मारलेस. पोलिसांकडे तो आधी पोचला. तू चोवीस वर्षांची होतीस, वकील नव्हता. त्या वेळचे दंडाधिकारी म्हणाले, "मारलंस का?" तू म्हणालीस, "हो, मारलं." मी लिहिले: गुन्हा कबूल.

मी तुझ्यापासून पाच फुटांवर होते. तुझ्या गळ्यावर चार बोटे आणि एक अंगठा होता. मी मोजले होते. त्या सकाळी बाहेरच्या बाकावर तू मला विचारलेसही, "मिस, आत काय बोलायचं असतं?" मी म्हणाले, "खरं बोलायचं." तेवढेच. 'हो' नंतर 'पण' म्हणायचे असते, हे मी सांगितले नाही. लिपिकाने पक्षकाराशी बोलू नये असा नियम होता, आणि मला नियमांचा फार अभिमान होता. साऱ्या बचावांचे ओझे त्या एका 'पण'वर असते. तो मला माहीत होता, आणि मी तो खिशात ठेवून जेवायला घरी गेले.

शिक्षा मोठी नव्हती. पण टोरांटोत म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी तुझी ठरली होती, त्यांनी पोलिसांचे चारित्र्याचे प्रमाणपत्र मागितले, आणि त्यावर माझ्याच सुबक अक्षरातली नोंद आडवी आली. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बघू, तोवर मिस फिलोचे कपडे धुते. ते पुढचे वर्ष आलेच नाही. टोरांटोऐवजी तू एका म्हातारीची सेवा आन्स मोरोत केलीस. मी तुला घरात ठेवून घेतले तेव्हा गावाने माझ्या दयाळूपणाचे कौतुक केले, आणि मी ते करू दिले. म्हणून हे घर मी तुला बक्षीस म्हणून देत नाही. तुझे आहे ते परत करत आहे, आणि तेही उशिरा.

कलम ५. सुनावणी. दंडाधिकारीण बाई माझ्या नोकरीपेक्षा वयाने लहान. आत जाताना इडोनाने माझी बाही धरली.

"मिस फिलो, माझ्यासाठी मारलंत ना? मग तसं सांगा की!"

"पहिला तुझ्यासाठी होता. उरलेले दोन माझे."

"तुमचे दोन कशाला सांगता? विचारलं तर एकच म्हणा!"

"त्याचं डोकं बघितलंस का? एकाने तसं होतं होय?"

बाईंनी विचारले, "मिस हिपोलाइट, तुमचा काही बचाव आहे?"

"पहिल्या फटक्यापुरता आहे, महोदया. त्याने इडोनाची मान धरली होती. दुसऱ्या-तिसऱ्याचा नाही. तेव्हा तो पळत होता."

"तेव्हा तुमचा राग अनावर झाला होता, असं म्हणायचंय का?" बिचारी मला वाट करून देत होती.

"नाही. अनावर झाला असता तर चौथा बसला असता."

मागे कुणीतरी हसले. कॉर्पोरल शर्विन गिटन्सने, ज्याने मला अटक केली होती, टोपी तोंडापुढे धरली. मी सही केली नव्हती, तरी लेस्टनचा वकील डॉक्टरांचा कागद घेऊन उठला. बाईंनी मला तारीख विचारली. मी तारीख सांगितली, त्या दिवशी चर्च कोणत्या संताचे स्मरण करते ते सांगितले, आणि वकिलाच्या अर्जावर साल चुकले आहे तेही सांगितले.

निकालात लिहिले आहे: "पहिला फटका दुसऱ्या व्यक्तीच्या रक्षणार्थ होता. दुसऱ्या व तिसऱ्याबद्दल आरोपी दोषी. आपण काय केले, किती वेळा केले आणि का केले, याची तिला पूर्ण जाणीव होती व आहे." दंड झाला, तो भरला. शिवाय वर्षभर शांतता राखण्याचा आणि लेस्टनच्या जवळ न जाण्याचा बाँड. माझ्या इतक्या मनासारखी शिक्षा त्या न्यायालयात कधी कुणाला झाल्याचे मी लिहिले नव्हते.

कलम ६. चर्चच्या वेदी मंडळाने मला एकमताने आणि दुःखी चेहऱ्याने काढून टाकले. मी भरतकाम केलेला वेदीचा पांढरा कपडा त्यांच्याकडे आहे. तो परत आणून माझ्या शवपेटीवर घालावा. नंतर इडोनाने त्याचे स्वयंपाकघराला पडदे करावेत.

कलम ७. पतपेढीतील शिल्लक दफनखर्च वजा जाता इडोनाची. टाइपरायटर तिचा. त्यातले 'र' अक्षर अडकते, तिला माहीत आहे.

कलम ८. कूकूचा लाकडी चाटू पोलिसांनी मुद्देमालाच्या चिठ्ठीसह परत केला. चिठ्ठी मी काढलेली नाही. तो मी माझा भाचा लेस्टन हिपोलाइट यास देत आहे, म्हणजे मृत्युपत्रात त्याचा विसर पडला असे कुणाला म्हणता येणार नाही.

त्याला हे मृत्युपत्र रद्द करून घ्यायचे असेल, तर मी शुद्धीवर नव्हते हे त्याला सिद्ध करावे लागेल. त्यासाठी आधी मला मारहाणीतून निर्दोष सोडवावे लागेल, आणि ते त्याला स्वतःच्या डोक्यावरचे टाके दाखवत करावे लागेल. तो दिवस बघायला मी नसेन, एवढीच मला मरणाबद्दल तक्रार आहे.

कलम ९. हे वाचून झाल्यावर इडोनाला विचारावे की घर तिला मान्य आहे का. ती लगेच 'हो' म्हणेल. तिचा स्वभावच तसा आहे. वाचणाऱ्याने तेवढ्यावर कागद मिटू नये. थांबावे. 'पण' म्हणायचे असेल तर तिला म्हणू द्यावे, आणि ती माझ्याविषयी जे काही बोलेल ते शब्दन् शब्द लिहून घ्यावे. लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये. नंतर ते निकालपत्राशेजारी टाचावे.

हा कागद मी पूर्ण वाचून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. त्यांनी माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही. इडोना लाभार्थी असल्यामुळे तिला ओसरीवर बसवले आहे, आणि आत काय चालले आहे म्हणून तिने दोनदा ओरडून विचारले आहे.

सही: फिलोमेन अगाथा हिपोलाइट

साक्षीदार १: कॉर्पोरल शर्विन गिटन्स, पोलीस ठाणे. (आरोपीस, म्हणजे मिस फिलोंना, मी ओळखतो. हात थरथरला नाही.)

साक्षीदार २: सिस्टर बर्नडाइन लुसान, निवृत्त शिक्षिका. (छड्यांचा उल्लेख खरा आहे. संख्या अधिक होती.)

आन्स मोरो, ग्रेनाडा
१४ नोव्हेंबर २०२२