काळ्या कागदाची पट्टी

नंदनवन, नागपूर
रविवार, सकाळ

प्रिय अश्विन,

पाकीट उघडताना तुला वाटलं असेल, मॅडमनी आणखी कुठला तरी रिपोर्ट पाठवला. रिपोर्ट नाही, पत्रच आहे. फोनवर तू ‘मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय’ म्हणून विषय संपवतोस, आणि धंतोलीतल्या तुझ्या दवाखान्यात गोंदिया-चंद्रपूरहून आलेले चाळीस पेशंट ताटकळत असताना मला लांबण लावता येत नाही. मास्तरीण असले तरी तेवढी लाज आहे. कागदावर मात्र मला कोणी मध्ये थांबवू शकत नाही, तेव्हा बैस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी तब्येतीचं, कारण तू तेच शोधशील. डावी चप्पल पायातून निघून जाते आणि मला चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. परवा माझ्या मुलाने, उन्मेषने, ती जिन्यातून उचलून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि लगेच मुंबईची तिकिटं बघायला बसला. उजव्या पायाला मुंग्या आहेतच. तू एमआरआय दाखवून सांगितलंस तसंच सगळं चाललं आहे: गाठ साधी आहे, पण पाठीच्या मधोमध चेतारज्जूवर दाबून बसली आहे, वेळेत काढली तर मी चालेन, महिना-दीड महिना तशीच राहिली तर बहुतेक नाही. इतकं स्वच्छ सांगितलंस की वर्गात कोणीतरी नीट उत्तर दिल्यासारखं बरं वाटलं. आणि मग म्हणालास की ऑपरेशन तू करणार नाहीस. मी कारण विचारलं तर खाली बघून म्हणालास, ‘मॅडम, तुमच्या लॅबमंधी माहा हात एकदा हलला आहे. तुमच्या पाठीवर मले नाही जमणार.’ एवढा मोठा डॉक्टर, पण घाबरलास की अजून खापरखेड्याच्या कॉलनीतलाच होतोस.

त्या हाताबद्दल मला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पंच्याण्णव साली तू अकरावी संपवून बारावीत आलास. वडील वीज केंद्रात, रोज बसने ये-जा, डबा बहुतेक वेळा बसमध्येच संपलेला. झुरळाच्या प्रॅक्टिकलची तयारी आपला लॅब अटेंडंट बाबाराव आदल्या संध्याकाळपासून करायचा. होस्टेलच्या मेसमागे काचेची बरणी, आत गुळाचा खडा, काठाला आतून तेल. सकाळी येऊन मला हिशेब द्यायचा, ‘मॅडम, बावीस काकरोच भेटले जी, पोट्टे तीस आहेत.’ मग सोळा जणांनी जोडीने करायचं. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग ओरडला, एक मुलगी स्टुलावर चढली. तू मेणाच्या ट्रेवर वाकून विचारलंस, याचं हृदय कुठे आहे. मी म्हटलं, पाठीवर. तू माझ्याकडे असं बघितलंस जशी काही मी थट्टाच करते आहे.

थट्टा नव्हती. आपलं जे आहे ते त्याचं उलटं. हृदय पाठीखाली, तेरा कप्प्यांची एक लांब नळी. रक्त बिनरंगाचं, त्याला शिरा-धमन्यांचा पसारा नको, शरीराच्या पोकळीत मोकळं फिरतं. हाडं नाहीत, सगळा आधार बाहेरच्या कवचाचा. आणि चेतारज्जू पोटाच्या बाजूला, अगदी तळाशी. म्हणून तिथवर पोचायचं तर पाठीचं कवच उचलायचं, त्याबरोबर हृदय जातं, मग आतडं उलगडून बाजूला टाचायचं, मग चरबीचे पांढरे कण एकेक करून वेचायचे. चरबीही पांढरी आणि नसही पांढरी, त्यामुळे निम्मी मुलं चरबीसोबत नसही वेचून टाकायची. जो थांबायला शिकला त्याला शेवटी तो दुहेरी दोरा मिळायचा, त्यावर छातीत तीन आणि पोटात सहा बारीक गाठी. पाण्यात तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याखाली काळ्या कागदाची अरुंद पट्टी सरकवायची, म्हणजे परीक्षकाला लांबूनही गाठी मोजता येतात. तू डावखुरा, तुझी पट्टी कायम तिरपी. दरवेळी मी बोलायचे, अश्विन, नस सोन्यासारखी काढतोस आणि कागद असा लावतोस जसं कोणी घाईत तोरण बांधलंय. तू मान डोलवायचास आणि पुढच्या वेळी परत तिरपी लावायचास.

आता ती प्रॅक्टिकलं बंद झाली. मी निवृत्त होईपर्यंत शेवटची काही वर्षं मुलांना संगणकावरचं झुरळ दाखवलं. त्यात बटण दाबलं की हृदय लाल होतं. लाल! मी दरवर्षी सांगायचे की हे चूक आहे, आणि दरवर्षी कोणीतरी परीक्षेत रक्त लाल लिहायचं.

एक गोष्ट मात्र हल्ली सारखी आठवते. झुरळाचं डोकं गेलं तरी ते काही दिवस जगतं, हे मी शिकवलं तेव्हा तू विश्वास ठेवला नव्हतास. प्रत्येक गाठ आपापल्या भागाचं बघते, वरून हुकूम यायची वाट पाहत नाही. आपलं तसं नाही रे. पाठीत एका जागी बोटाच्या पेराएवढा दाब पडतो आणि खालची चप्पलसुद्धा सांगत नाही की मी निघाले. तरी माणूस तुझ्यासाठी सोपा आहे. पाठ उघडलीस की समोर चेतारज्जूच. माझं हृदय आणि आतडी तुला बाजूला काढून ठेवावी लागणार नाहीत, हे लक्षात घे.

गेल्या जानेवारीत कॉलेजने माजी विद्यार्थ्यांचा सत्कार केला तेव्हा तू भाषणात तीच हात हलल्याची गोष्ट सांगितलीस. बोर्डाची परीक्षा, झुरळाची नस तुझ्या हातून तुटली, त्या दिवसापासून प्रत्येक ऑपरेशनच्या आधी तुला तो ट्रे दिसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या. शेजारी बाबाराव बसला होता, आता पार वाकला आहे. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर माझी पिशवी हातात देत एवढंच म्हणाला, ‘मॅडम, अजून नाही सांगितलं काय जी त्या पोट्ट्याले?’ त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि सांगितलं नाहीच.

आज सांगते. फेब्रुवारी शहाण्णव. नस काढून, कागद सरकवून तू शेजारच्या खोलीत स्पॉटिंगला, मांडलेले नमुने ओळखायला गेलास. बाहेरून आलेले परीक्षक पलीकडच्या टेबलावर होते आणि तुझ्या टेबलाकडे येणार होते. मी तुझा ट्रे बघितला. नऊच्या नऊ गाठी, दोन्ही दोरे अख्खे. माझ्या नोकरीत मी इतकी स्वच्छ नस आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. फक्त कागद तिरपा. मला वाटलं, एवढ्यासाठी याचा गुण का जावा, आणि खरं सांगायचं तर मला तू मिरवायचा होतास. मी चिमट्याने कागद सरळ केला आणि छातीच्या शेवटच्या गाठीखाली नस तुटली. परीक्षक आले, वाकून बघितलं, लिहिलं, पुढे गेले. मी उभी होते. उमेदवाराच्या ट्रेला हात लावला हे कळलं असतं तर तुझीही परीक्षा अडचणीत आली असती, हे कारण मी नंतर स्वतःसाठी शोधलं. त्या क्षणी मला माझी तात्पुरती नोकरी दिसली, जूनमध्ये कायम होणार होती ती. बाबाराव बेसिनपाशी उभा राहून सगळं बघत होता. तू परत आलास, ट्रे बघितलास आणि विचारलंस, ‘मॅडम, माहा हात हलला काय?’ आणि मी म्हटलं, ‘हलला असेल. होतं असं.’ दोन गुणांनी तुझी नागपूरच्या मेडिकलची यादी हुकली, तू यवतमाळला गेलास, आणि मी जूनमध्ये कायम झाले. मी तुझ्याशी वाईट वागले, अश्विन. याला दुसरा शब्द नाही.

हे पत्र त्यासाठी आहे. मला ऑपरेशन तुझ्याच हातून हवं आहे, कारण तो हात मी पाहिला आहे. तू मला ज्या कारणासाठी नाही म्हणालास ते खोटं होतं आणि मीच तुला दिलं होतं. ते परत घेते. आता तुझ्याकडे नाही म्हणायला खरं कारण आहे. रागावला असशील तर तसं सांग, मी बिनबोभाट मुंबईला जाईन. उन्मेषने शुक्रवारची तिकिटं काढली आहेत, ती मी रद्द केलेली नाहीत. तू म्हणशील, बाई धीर द्यायला रचून सांगते आहे. हवं तर बाबारावला विचार, पण मला वाटतं त्याची गरज पडणार नाही. तू स्पॉटिंगला गेलास तेव्हा तुझी पट्टी नेहमीसारखी तिरपी होती. परत आलास तेव्हा ती सरळ होती. डोळे मिट आणि आठव.

तुझीच,
मेश्राम मॅडम