कपिलेच्या कालवडीचा पाचवा सड

कोंढा, मंगळवार, दिवेलागण

कपिला गायीच्या कालवडीला पाच सड निघाले. जनावरांचे डॉक्टर आज म्हणाले, "बाई, जास्तीचा आत्ताच काढून टाकू, पुढे दूध काढाले अडचण होते."

मी विचारलं, "पण हे होते काहून?"

"रक्तातूनच येते, मायकडून नाही तर बापाकडून. जन्माआधी पोटावर सड उगवायची एक ओळ असते. जनावराच्या, माणसाच्याही. कधी त्या ओळीत एखादा जास्तीचा उगवते."

ओळ. रोवण्यात धानाची असते तशी? डोळे मिटले की तीच दिसते, हिरवी, लांबच लांब.

मग माझ्या डाव्या छातीखालचा तो तीळ... तीळ नव्हताच का? पोरीच्या वेळी दूध उतरलं तेव्हा तोही ठणकायचा. घाबरत आईला सांगितलं, तर हसली. "माहा बी ठणके." एवढंच.

मी डॉक्टरांना म्हटलं, "राहू द्या."

आमचे हे म्हणाले, "कायले?"

काय सांगणार? "दुखल तिले," म्हटलं. आणि हात पदराखाली गेला, त्या तिळावरच.

आई गेली तेव्हा वहिन्यांनी तिची लुगडी वाटून घेतली. मला तिचं काहीच मिळालं नाही म्हणून मी वर्षभर रुसले होते.