सिनेमातला गहाळ प्रसंग

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार

तीर्थस्वरूप सौ. कुसुमताईस,

लक्ष्मणचा दोन्ही हात जोडून नमस्कार. उदगीरला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघांचीही प्रकृती कळव. मी बरा आहे. (झोप सोडून. प्रमिला गेल्यापासून तीन वर्षं ती रजेवर आहे.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. बरकतपुऱ्याचं घर विकून मी कायमचा तुझ्याकडे यायचं की नाही, याचं उत्तर तुला या आठवड्यात हवंय, हे विसरलेलो नाही. गिऱ्हाईक दोनदा येऊन भिंती ठोकून गेलंय. उत्तर देतो, पण आधी इकडे काय झालं ते ऐक.

तुझी नात तेजश्री विद्यानगरच्या हॉस्टेलात राहून शिकते असा आपला समज आहे. ती सध्या हिमायतनगरला भरलेल्या आशियाई चित्रपट महोत्सवात गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरते. (अभ्यासाचं विचारू नकोस, मीही विचारलं नाही.) तिनंच मला पास आणून दिला. म्हणाली, आजोबा, घरात बसून नुसते परेशान होताय, तिथं एसी तरी लागेल. मी म्हटलं, हौ. अन् काय सांगू ताई, चार दिवस मी या दुनियेत नव्हतोच. सकाळी इराण, दुपारी जपान, चहानंतर व्हिएतनाम. एका देशात नुसता बर्फ पडत होता, दुसऱ्यात एक बाई पाऊण तास तांदूळ निवडत बसली होती, अन् कुणालाच कसली घाई नव्हती. खाली इंग्रजीत ओळी येतात, पण म्हातारी नवऱ्यावर चिडलीय हे काही वाचावं लागत नाही. संध्याकाळी बाहेर पडलो की आपला नारायणगुड्याचा चौकसुद्धा परमुलखातला वाटायचा. सगळे दिवे पाण्यातून बघितल्यासारखे. एक रिक्षावाला माझ्यावर तेलुगूत ओरडला, तर मी त्याच्या पोटापाशी भाषांतराची ओळ शोधत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी किरगिझस्तानचा सिनेमा होता. डोंगरात एक घर, घरात एकटा म्हातारा, मुलं शहरात बोलावतात आणि तो जात नाही. बाकी काही घडत नाही. वारा वाहतो, घोडा उभा राहतो. अर्धा सिनेमा झाल्यावर दार उघडून त्याची बायको आत आली. डोक्याला रुमाल, अंगात त्यांच्याकडचा तो जाड कोट, पण हातात आपला स्टीलचा डबा, अन् चेहरा हुबेहूब प्रमिलाचा. त्याला म्हणाली, स्वेटर उलटा घातलाय, आणि कुलूप तीन-तीनदा ओढून बघू नका, मी नीट लावलंय. चक्क मराठीत. मला त्याचंही नवल वाटलं नाही, महोत्सवात काहीही दाखवतात. पण इतकं बरं वाटलं ताई, की डोळे भरून आले.

चौथ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. म्हातारा आला, वारा आला, घोडा आला, ती मात्र आली नाही. आता तुला माहीतच आहे, छत्तीस वर्षं भूमापनाच्या दफ्तरात पानं मोजण्यात गेली माझी. फाइलीतलं पान गहाळ झालं की मला अन्न गोड लागत नाही. तिथल्या तिथं कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर रीतसर अर्ज लिहिला, की कालच्या खेळात असलेला प्रसंग आजच्या खेळात आढळून येत नाही, सबब चौकशी व्हावी. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शिका मंचावर आली. (तेजश्रीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पोरगीच.) कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मी उभा राहून अर्ज इंग्रजीत वाचून दाखवला. दुभाष्यानं तिला समजावलं. ती गोंधळली, कोणता प्रसंग म्हणून विचारू लागली. मी सांगितला, डब्यासकट, कुलपासकट. सभागृहात कुणी हसेना. दारापाशी उभ्या तेजश्रीनं आधी कपाळाला हात लावला, मग डोळ्यांना. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की आदल्या दिवशी मी झोपलो होतो. भरल्या सभेत! तीन वर्षांची तुंबलेली झोप, आणि लागली कुठं, तर किरगिझस्तानात. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसणार, तेवढ्यात त्या पोरीचं बोलणं दुभाष्यानं सांगितलं.

"तो प्रसंग मी घेतलेलाच नाही. तुम्ही आधी भेटला असतात, तर घेतला असता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

तर घराचं. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. एकट्यानं तीन खोल्या झाडत बसायचं माझं वय राहिलं नाही. तू वडील आहेस, तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही. तुझ्या श्रीकांतला पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन पाठव, मी भांडी बांधून ठेवतो. दाजींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीला लांबूनच.

तुझ्या धाकात वाढलेला,
लक्ष्मण

ता. क. टेम्पो इतक्यात पाठवू नकोस. महोत्सव संपला तरी इथं एक फिल्म क्लब आहे, दर शनिवारी दुपारी सिनेमा दाखवतात. खुर्च्या तशाच मऊ आहेत. मी नाव नोंदवलंय.

आणखी एक ता. क. शनिवारी दोन ते पाच मला फोन करू नकोस, पाया पडतो. तिसऱ्या दिवशी त्या किरगिझ घरातून प्रमिला जायला निघाली होती. उंबऱ्यात थांबून वळली, म्हणाली, "अहो, वन्संना सांगा की—" आणि खिशात तुझाच फोन वाजला. तो बंद करून वर बघतो, तर पडद्यावर म्हातारा एकटाच. निरोप तुझ्यासाठी होता, ताई. तो पुरता ऐकल्याशिवाय मी हे घर कसं सोडू?